दाजींच्या हातचं काडतूस

दुसऱ्याच्या हाताविषयी आमच्या साडूंइतका संशय बाळगणारा माणूस दुबईत नाही, आणि माझ्या मते दुबईच्या बाहेरही नसावा. माणसं पैशाच्या बाबतीत अविश्वासू असतात, घराच्या किल्ल्यांच्या बाबतीत असतात, काही जण तर बायकोच्या माहेरच्या बाबतीतही असतात. साडूंना मात्र कुणाच्या नीतीविषयी कधीच शंका नसते. कुणी आपल्याला फसवील हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की समोरचा माणूस सज्जन आहे, देवभोळा आहे, पण त्याने लावलेलं झाकण नीट बसलेलं नसणार. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. साताऱ्याकडे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून बायको त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून मी म्हणतो, आणि आमचं ऐकून बर दुबई नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या इमारतीचा मल्याळी वॉचमनही त्यांना 'दाजी सर' म्हणून सलाम ठोकतो.

आता उदाहरणंच सांगायची तर रात्र पुरायची नाही. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्याच्या हातातून दाजी नळी अलगद काढून घेतात आणि 'यू रेस्ट, माय फ्रेंड' म्हणून स्वतः चाकापाशी उकिडवे बसतात. मीना बाजारच्या मागे एक पाणीपुरीवाला आहे. त्याच्याकडे दाजी पुऱ्या वेगळ्या, रगडा वेगळा, पाणी वेगळं मागतात आणि गाडीच्या कोपऱ्यावर आपली स्वतंत्र आघाडी उघडतात. प्रत्येक पुरीला भोक पाडण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून बघतात. मागे रांग वाढत जाते आणि पाणीपुरीवाला आकाशाकडे बघत राहतो. इथून भारतात जाणाऱ्या माणसाला 'जाताच आहात तर एवढं न्या' म्हणून पुडकी देण्याची आपली जुनी रीत आहे. दाजी कुणालाही नाही म्हणत नाहीत. पण घरी नेऊन ते पुडकं सोडतात, आतला चिवडा, गोळ्या, लहान बाळाचं झबलं असं सगळं बाहेर मांडतात, आणि पुन्हा इतक्या शिस्तीत बांधतात की साताऱ्याला ते उघडायला सुतार बोलवावा लागतो. एकदा माझ्या सासूबाईंनी लेकीसाठी म्हणून दिलेली लोणच्याची बरणी त्यांनी मुंबईच्या विमानतळावर सगळ्यांच्या देखत उघडून, फोडी चेपून, परत बंद केली होती. त्यानंतर सासूबाई दोन वर्षं त्यांच्याशी मोजकंच बोलत होत्या. दाजींना मात्र त्या जरा अशक्त झाल्यासारख्या वाटत होत्या.

त्यांच्या लग्नातली गोष्ट तर आमच्या सासरी अजून सांगतात. पंगतीत नवरानवरीने एकमेकांना घास भरवायचा, नाव घ्यायचं, बायकांनी हसायचं, असा सगळा थाट होता. ताईंनी उखाणा घेतला, लाजत लाजत जिलबीचा तुकडा पुढे केला. दाजींनी तो त्यांच्या बोटांतून घेतला, 'असू दे, मी खातो ना, तुला कशाला त्रास' म्हणाले आणि स्वतःच्या हाताने खाऊन टाकला. मांडवातल्या बायकांना हे फार जिव्हारी लागलं. ताई म्हणतात, 'मला तेव्हाच कळलं, की या माणसाच्या घरात मला काम कमी पडणार आणि करमणूक भरपूर.' कामाच्या बाबतीत त्यांचं भाकीत खरं ठरलं. दाजी स्वतःचा चहा स्वतः करतात, शर्टाची बटणं स्वतः लावतात, आणि ताईंनी इस्त्री केलेल्या पँटला पाठ फिरली की पुन्हा इस्त्री करतात.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात मसाल्याच्या पुड्या भरणारा एक कारखाना आहे, तिथे दाजी क्वालिटी कंट्रोलचे मुख्य. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या पुड्यांमधली एखादी उचलायची, तोलायची, दाबून बघायची आणि नाक मुरडायचं. या कामाचा त्यांना पगार मिळतो हे ऐकून मी थक्क झालो होतो, कारण आमच्या घरी ते हेच फुकट करत. 'मशीनने भरलेल्या पुडीचं कौतुक मला सांगू नका, साडूभाऊ,' ते मला म्हणत, 'मशीन तरी शेवटी कुणीतरी सेटच केलेलं असतं ना?'

हा संशय आला कुठून, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते ताईंनी सांगितलं. कॉलेजात असताना दाजी एनसीसीत होते आणि नेमबाजीत अख्ख्या बटालियनमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिल्लीला जाणाऱ्या चमूची निवड होती. दाजी पालथे पडले, श्वास रोखला, चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. काडतूस फुसकं निघालं. नियमाप्रमाणे त्यांनी बंदूक तशीच रोखून धरली आणि हात वर केला. हवालदार दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ओरडत होते. ते येईपर्यंत वेळ संपली आणि दिल्लीला दुसराच कुणी गेला. दाजींनी तक्रार केली नाही, रडले नाहीत. वसतिगृहावर येऊन त्यांनी फक्त आपल्या खोलीचं कुलूप स्वतः सोडवून, तेल घालून, पुन्हा बसवलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

दुबईत पोटापाण्याचं स्थिरस्थावर झाल्यावर दाजी शारजापलीकडच्या वाळवंटातल्या एका नेमबाजी क्लबाचे सभासद झाले. क्लबाचा कारभार अबू राशिद नावाचे एक वयस्क अरब गृहस्थ बघत. पांढरा पायघोळ कंदुरा, सोन्याच्या काडीचा चष्मा, आणि इथे सगळे जुने लोक बोलतात तसलं मोडकंतोडकं पण गोड हिंदी. क्लबात काचेची एक खोली होती. तिथे लांब पल्ल्याच्या रायफलींसाठी काडतुसं हाताने भरत. एकदा वापरलेलं काडतूस टाकून द्यायचं नाही. त्याची पितळी नळी स्वच्छ करायची, बुडाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. दाजींनी काचेला नाक लावून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारीच होतो. देवळाचं दार उघडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. 'साडूभाऊ,' ते हळूच म्हणाले, 'म्हणजे हे स्वतःच्या हाताने करता येतं?'

झालं. स्वतः भरलेलं एक काडतूस स्वतः झाडायचं, आणि ते वाजलेलं ऐकायचं, हे त्या दिवसापासून त्यांचं आयुष्यातलं एकमेव मागणं होऊन बसलं. सुरुवात अर्थातच घरी करायचा विचार होता. पण दाजी कायद्याला देवापेक्षा जास्त भितात. ते टाय लावून पोलिस ठाण्यात गेले आणि हे काम घरी करायला परवानगी मिळेल का, असं त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं. इकडे ताईंनी देवापुढे दिवा लावला आणि बॅगा काढून ठेवल्या. अधिकाऱ्याने म्हणे त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, त्यांचं कार्ड बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'नो. खलास.' दाजी त्याचे आभार मानून आनंदात घरी आले. 'किती क्लिअर माणूस,' म्हणाले, 'आपल्याकडे याला तीन टेबलं फिरावी लागली असती.' त्यांची चिकाटी बघून पुढे अबू राशिदनीच सुचवलं, 'इधर आओ, मेरे सामने भरो. क्लब का परमिशन है. यल्ला, आज ही करो.' पण आज ही करो म्हटल्यावर करतील तर ते दाजी कसले? 'अजून प्रॅक्टिस नाही,' ते म्हणाले, आणि घरी तयारीला लागले.

तयारी म्हणजे काय, तर औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल आणि बारीक रवा. बंदुकीशी दुरूनही संबंध असलेली एकही वस्तू घरात येणार नव्हती, पण हाताला सवय तर व्हायला हवी. सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा त्यांनी आणला. दर शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटलं की जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरायचं, एसी बंद करायचा, पंखा बंद करायचा, आणि घामाघूम होऊन कॅप्सुलीत रवा भरत बसायचं. प्रत्येक कॅप्सूल तंतोतंत सारख्या वजनाची झाली पाहिजे. कुणी शिंकलं तर तो घाणा बाद. माझी मुलगी एकदा कंटाळून म्हणाली, 'दाजी, रिलॅक्स, इट्स जस्ट उपमा!' त्यावर त्यांनी तिला रव्याचा कण आणि शिस्त यावर असं काही ऐकवलं, की पोरगी पुढे दोन शुक्रवार आमच्याकडे कोण येतंय हे दाराच्या भिंगातून बघूनच दार उघडत होती.

मीना बाजारातून दागिने घेऊन येणाऱ्या ओळखीच्या बायकांना त्या काट्याचा पत्ता लागला आणि बांगड्या तोलून घ्यायला दाजींकडे रीघ लागली. दाजी त्यांना बसवून ठेवत आणि आधी रवा पुरा करत. ताईंना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, शिवाय सासूबाईंनी मेथीची पूड घ्यायला सांगितली. ती कडू पूड ताईंच्या घशाखाली उतरेना. पुढच्या शुक्रवारी टेबलावर रव्याच्या जागी मेथी आली. तेव्हापासून दाजी ताईंसाठी आठवड्याच्या कॅप्सूल स्वतः भरू लागले. 'अगं, सकाळचं काडतूस घेतलंस का?' अशी हाक त्यांच्या घरातून रोज ऐकू येई. प्रेम म्हणून काही असेल तर ते हेच, असं मला तेव्हा वाटे. मी माझ्या बायकोसाठी कधी एवढं केलेलं नाही आणि या गोष्टीची ती मला अधूनमधून आठवण करून देते.

अशी वर्षं गेली. अबू राशिद दर भेटीत विचारत, 'आज?' दाजी म्हणत, 'नेक्स्ट वीक, इन्शाल्ला.' म्हातारा हसून हसून बेजार होई. 'हबीबी,' तो मला म्हणाला, 'इन्शाल्ला हमारा है, लेकिन ये आदमी हमसे ज्यादा चलाता है.'

मग एका शुक्रवारी कॅप्सुलींची वजनं जुळेनात. दाजींनी आधी काट्यावर संशय घेतला आणि दुसरा काटा आणला. मग मेथी ओलसर आहे असं ठरवून ती भाजली. मग खिडकीच्या फटीला चिकटपट्टी लावली. मला बोलावून टेबलाचे पाय धरून बसायला सांगितलं. मी बसलो. टेबल हलत नव्हतं. त्यांच्या हातातली इवलीशी पळी मात्र हलत होती, आणि मेथी कापडावर सांडत होती. आम्ही दोघंही ते बघत राहिलो.  आयुष्यभर सगळ्या जगाचे हात तपासलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा हात उजेडात धरून बघितला. डॉक्टर म्हणाले, गंभीर काही नाही, वयोमानाने होतं, पण वाढत जाईल. दाजी घरी येऊन म्हणाले, 'प्रॉब्लेम सापडला. सोर्स मीच आहे.' म्हणताना हसले, पण ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यातच निवृत्ती आली. कारखान्याने निरोपाचा केक कापला. तो दाजींनी स्वतः कापला हे सांगायला नको. व्हिसा संपणार, साताऱ्याला परतायचं, तिकिटं निघाली. तिथे गेल्यावर असला क्लब, असली खोली, असले अबू राशिद कुठून मिळणार? हात तर महिन्यामहिन्याला जास्तच कापत होता. आता नेक्स्ट वीक उरला नव्हता. निघण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी दाजींनी मला सकाळीच फोन केला, 'गाडी काढा साडूभाऊ. तयारी झाली नाही, पण जाऊ.' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि चहा तसाच टाकून किल्ल्या घेतल्या.

ताईही आल्या. अबू राशिदनी सगळं मांडून ठेवलं होतं. खोलीत सोबत एकाच माणसाला परवानगी होती, म्हणून ताई आत गेल्या आणि मी काचेबाहेर उभा राहिलो. दाजींनी पितळी नळी पुसली, निरखली, पुन्हा पुसली. बुडाची टोपी यंत्राच्या दांड्याने बसवायची होती, ती बसली. मग दारूची पाळी आली. त्यांनी मोजलेली दारू पळीत घेतली आणि नळीपर्यंत नेता नेता ती बाहेर सांडली. अबू राशिदनी शांतपणे पुसून घेतलं. दुसऱ्यांदा घेतली, पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा दाजींनी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं, तर दोन्ही हात कापू लागले. अबू राशिदनी हलकेच काहीतरी विचारलं. पुढे ताईंनी सांगितलं, ते म्हणाले होते, 'मैं डालूं?' दाजींनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याने भरलेलं काडतूस त्यांना आयुष्यात एकदा मिळालं होतं, तेवढं पुरे होतं. ते नुसते बसून राहिले. काचेपलीकडे त्यांची पाठ मला एकदम म्हाताऱ्या माणसाची दिसली, आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

तेवढ्यात ताईंनी ओढणी कमरेला खोचली. मोदकाला कळ्या पाडताना त्यांची बोटं मी पाहिलेली आहेत, सारणाचा कण बाहेर पडत नाही. 'सरका जरा,' त्या म्हणाल्या, हे मला काचेबाहेरून ओठांवरूनच कळलं. दाजींनी त्यांच्याकडे बघितलं. नाही म्हणतील, असंच मला वाटलं. पण ते खुर्चीवरून सरकले, आणि दोघं एका खुर्चीवर अर्धी अर्धी बसली. ताईंनी दारू मोजली. अबू राशिदनी वाकून काटा पाहिला, मान डोलावली. दाजींनी काट्याकडे पाहिलंच नाही. ते ताईंच्या हाताकडे बघत होते. ताईंनी पळी नळीपाशी नेली आणि एकही कण इकडेतिकडे न होता दारू आत गेली. वर गोळी बसवायचा दांडा दोघांनी मिळून ओढला.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली होती. दाजी बसले, गाल लावला. मी देवाचं नाव घेत होतो, आणि खरं सांगतो, नेम लागावा असं मला एकदाही वाटलं नाही, नुसतं वाजावं एवढंच वाटत होतं. बराच वेळ काही होईना. मग एकदम असा आवाज झाला की कानावर जाड टोपणं असूनही ताई दचकून मला धरून उभ्या राहिल्या. अबू राशिद दुर्बिणीला डोळा लावून काही सांगणार, तोच दाजींनी हात वर केला. 'नको. सांगू नका,' ते मराठीतच म्हणाले, आणि म्हाताऱ्याला ते कळलं. मग ताईंकडे वळून विचारलं, 'ऐकलंस?' ताई म्हणाल्या, 'अहो, साताऱ्यात ऐकू गेलं असेल.' त्यावर दाजी हसू लागले ते थांबेनात, हसता हसता डोळे पुसू लागले, आणि मीही पुसले. रिकामी पितळी नळी त्यांनी तळहातावर घेतली, तिची ऊब जाईपर्यंत धरली आणि अबू राशिदना परत दिली. असली वस्तू विमानतळावर न्यायची नसते, हे त्यांना पाठ होतं. 'मैं रखेगा,' अबू राशिद म्हणाले आणि कंदुऱ्याच्या खिशात टाकली.

परतताना एमिरेट्स रोडवर दोन्ही बाजूंना वाळूवर दुपारचं ऊन पसरलं होतं. दाजी नेहमी पुढच्या सीटवर बसून माझ्या गिअरकडे, आरशाकडे, समोरच्या ट्रककडे लक्ष ठेवतात. दुसरा कुणी गाडी चालवत असताना त्यांचा डोळा लागलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्या दिवशी ते मागे ताईंशेजारी बसले. थोड्या वेळाने सूचना येणं बंद झालं म्हणून मी आरशात बघितलं. ताईंच्या खांद्यावर मान टाकून दाजी गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं होतं. मांडीवरच्या त्यांच्या उजव्या हातावर ताईंनी आपला हात ठेवला होता. ताई मला आरशातून 'हळू' अशी खूण करत होत्या. बर दुबईकडे वळायची एक्झिट समोर आली, पाटी दिसली, बाण दिसला. इथे एक एक्झिट चुकली की पुढे कुठल्या कुठे जाऊन चांगलाच लांबचा वळसा घालून परत यावं लागतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मी सरळ पुढे गेलो.